टालीवरचे सात भैयाजी

"फोनजवळ कोणी आलं का गा?" गोपिकेनं दबक्या आवाजात विचारलं.

"आलं ना," शालिक म्हणाला. "मांजर आली. वास घेतला अन् गेली. तिचं नाव लिहून घेऊ का?"

प्रेमिलानं दोघांनाही गप्प केलं. भैयाजींच्या लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, सागाच्या ओंडक्यांमागे तिघं दबा धरून बसले होते. डोक्याला ओले दुपट्टे, लू लागू नये म्हणून खिशात एकेक कांदा. मे महिन्यातली नागपूरची दुपार म्हणजे काय, हे बाहेरगावच्या माणसाला सांगून कळत नाही. ओंडक्यांना हात लावला तरी चटका बसत होता. समोरच्या शेडमध्ये, टेबलावर, काळा टेलिफोन मुकाट बसला होता.

सुट्टीचे बेत खरं तर वेगळे होते. टालीवरच्या नत्थूची सायकल मागून घ्यायची, तिघांनी ती शिकायची आणि मग अंबाझरीच्या तलावावर जायचं. प्रेमिला सायकल शिकलीसुद्धा. तेवढ्यात शेजारचे देवाजीकाका गेले आणि सगळे बेत जिथल्या तिथे राहिले.

टालीच्या मागून छोट्या लाईनची रेल्वे जायची आणि रुळांच्या पलीकडे कवेलूपुरा होता. अर्धी घरं विणकरांची, अर्धी बौद्धांची. पावसाळ्यात दोघांच्याही छपरांवरची कवेलू सारखीच गळायची. वस्तीत शिरायला गाडीरस्ता नव्हता. रूळ ओलांडायचे, टालीतून जायचं आणि मग सडक. आसपास फोन एकच, भैयाजींचा. कोणी आजारी पडलं की टालीवर धावायचं आणि सीताबर्डीवरच्या दयासागर मंडळाला फोन करायचा. मंडळाची पांढरी गाडी फुकट दवाखान्यात न्यायची. निदान तसं तिच्यावर रंगवलेलं होतं.

देवाजीकाका मागावर बसल्या बसल्या कलंडले. लू लागली होती. अंग तव्यासारखं तापलेलं. त्यांची बायको पार्वतीकाकू फोन करून आल्या, पण गाडी काही दिसली नाही. शेवटी त्यांना हातगाडीवर घातलं आणि इतवारीतून दवाखान्याकडे निघाले. धान्याच्या बाजारात हातगाड्या आणि टेंपो एकमेकांत अडकलेले होते. तिथेच, गव्हाच्या पोत्यांमध्ये, देवाजीकाका गेले. शालिक त्या हातगाडीला मागून हात लावून होता. त्यानंतर तो नेहमीपेक्षा जास्त विनोद करायला लागला होता, आणि त्यातला एकही विनोद त्याला स्वतःला हसू येईल असा नव्हता.

भैयाजींनी संतापून मंडळाला फोन केला, तर उलट त्यांनाच ऐकून घ्यावं लागलं. तुमच्या टालीवरून सात खोटे फोन आले, तुमचा नंबर पाटीवर चढला आहे, आता त्या नंबरवर गाडी मिळणार नाही. साऱ्या कवेलूपुऱ्यात एकच चर्चा सुरू झाली: कोण तो नालायक? खोटा फोन म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर दुसराच कोणीतरी आला.

प्रेमिलाला मात्र चर्चेला वेळ नव्हता. तिची थोरली बहीण देवकी बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिली खेप, दिवस भरत आलेले. सखूबाई सुईणीनं पोटावर हात फिरवला आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं, "मूल आडवं हाय. हे माह्या हातचं काम नोहे वं बाई. कळा सुरू झाल्या का दवाखान्यातच न्या लागते, अन् तेही लवकर."

प्रेमिलानं ते दाराआडून ऐकलं. तेव्हापासून तिला डोळ्यांसमोर सारखी ती हातगाडी दिसायची आणि हातगाडीवर देवकी असायची. खोटे फोन करणारा सापडला पाहिजे, तरच नंबर पाटीवरून उतरेल, असा तिचा सरळ हिशेब होता. म्हणून हा पहारा.

तिघांचा संशय नत्थूवर होता. नत्थू टालीचा चौकीदार. त्याच्यासमोर मंडळाच्या गाडीचं नाव काढलं की तो बिडी विझवून उठून जायचा. एकदा शालिकनं मुद्दामच विचारलं, "नत्थूकाका, फोन कसा फिरवतात गा?" तर त्याचा चेहरा उतरला. पण पहाऱ्यात तो एकदाही फोनकडे फिरकला नाही. फिरकली ती फक्त मांजर.

"असं बसून काही होत नाही," गोपिका म्हणाली. गोपिका बोलायची कमी, पण बोलली की मुद्द्याचं. "खोटा फोन आपल्याले इथं ऐकू येणार नाही. ज्यायनं तो ऐकला, त्यायलेच विचारू ना."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं सीताबर्डीला निघाले. मंडळाच्या आवारात कडुनिंबाखाली पांढरी गाडी उभी होती आणि ड्रायव्हर बळीराम बादलीत फडकं बुडवून तिची काच पुसत होता. मुलांनी टालीचं नाव काढलं आणि त्यानं फडकं बादलीत आपटलं.

"नाव नका काढू त्या टालीचं! सात खेपा मारल्या म्या. पेशंट तर सोडा, वाट दाखवाले माणूस नाही. दर वेळी म्हणे भैयाजी बोलून राहिलो. एक डाव घोगरा आवाज, एक डाव चिरका. अखेरच्या डावाले तर म्हणे भैयाजीची बायको बोलली, रडून रडून."

शालिक फिसकन हसला. "काका, भैयाजीचं तर लग्नच नाही झालं. त्यायले बायको कुठली?"

हसता हसता तो थांबला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. भैयाजी आयुष्यभर एकटे राहिलेले, टालीवरच चूल मांडून शिजवून खाणारे. मग बायको म्हणून कोण रडलं?

"कोणत्या दिवशी काका?" प्रेमिलानं विचारलं.

बळीरामला दिवस चांगला आठवत होता, कारण त्या दुपारी त्याला सगळ्यांत जास्त राग आला होता. टालीवर चौकीदार तेवढा खाटेवर घोरत होता. बळीरामनं त्याला हलवून विचारलं, भैयाजीकडे कोण बिमार आहे? तो अर्धवट झोपेत म्हणाला, कोणी नाही, भैयाजी तर आत्ताच आमरस खाऊन आत झोपले. बळीरामनं गाडी वळवली. जाता जाता त्याला मागच्या लाईनवर मालगाडी उभी असलेली दिसली होती, एवढंही त्याच्या लक्षात होतं.

देवाजीकाका गेले तोच तो दिवस होता. मालगाडी प्रेमिलालाही आठवत होती. तिच्या अलीकडे टाल आणि पांढरी गाडी, पलीकडे खाटेवर देवाजीकाका, आणि ती हलण्याची वाट पाहत ताटकळलेली चार माणसं. पार्वतीकाकू फोन करून धावत परत आल्या होत्या, कारण खाट उचलायला माणूस कमी पडत होता.

आणि दर वेळी नाव 'भैयाजी' का, हेही तिला आठवलं. सगळ्यांत पहिल्यांदा तिच्या बाबांनीच फोन केला होता, ताराचंदनी. स्वतःचं नाव सांगितलं, कवेलूपुरा म्हणाले. "तिकडे रस्ता नाही, गाडी येत नाही," एवढं बोलून पलीकडच्यानं फोन ठेवला. भैयाजी तिथेच होते. ते भडकले. म्हणाले, "मेरा नाम बताओ! टालीवर कसे येत नाहीत पाहतो." त्या दिवसापासून कवेलूपुऱ्यातला जो कोणी फोनला हात लावी, तो भैयाजी होई. गाडी टालीपर्यंत यायची. पण रूळ ओलांडून खाट पोहोचायच्या आधी परतायची. माणसांना वाटायचं गाडी आलीच नाही, आणि गाडीला वाटायचं माणूसच नाही.

"खोटा फोन कोणीच नाही केला," प्रेमिला हळूच म्हणाली. "आजार खरा होता, फक्त नाव खोटं होतं."

बळीरामनं बादलीतलं फडकं पिळलं, पुन्हा पिळलं, पाणी संपलं तरी पिळतच राहिला.

तिघं तडक व्यवस्थापक गोपाळरावांच्या खोलीत शिरले. खोलीत वाळ्याचा पडदा होता, त्यामुळे आत छान गार होतं. टेबलामागे काळी पाटी टांगलेली, तिच्यावर खडूनं पाच टेलिफोन नंबर लिहिलेले. टालीचा सगळ्यांत खाली. गोपाळरावांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता; आणि वाईट नसलेली माणसं जास्त पंचाईत करतात.

ते म्हणाले, "बाळ, आमच्याकडे गाडी एकच. मागच्या वर्षी एका हॉटेलातून कोणीतरी गंमत म्हणून फोन केला. गाडी तिकडे गेली आणि महाल भागातलं एक पोर वाट पाहत गेलं. त्याचा बाप या खुर्चीसमोर उभा होता. तेव्हापासून ही पाटी आहे. फोनवर मला माणूस दिसत नाही, सांगितलेला नंबर तेवढा समजतो. एका नंबराआडून सात जण एकच नाव सांगतात, त्यात खरा कोण आणि खोटा कोण, मी कसं ओळखू? तुमच्या लोकांनी नाव का लपवलं?"

"लपवलं नाही. पहिल्या वेळी सांगितलं होतं," प्रेमिला म्हणाली. "तेव्हा तुमच्या माणसानं फोन ठेवून दिला."

गोपाळरावांनी चष्मा पुसला. मग, पुढच्या महिन्यात विश्वस्तांची बैठक आहे, विषय तिच्यात ठेवतो, असं सांगून त्यांनी मुलांना निरोप दिला. देवकीच्या पोटातलं मूल बैठकीपर्यंत थांबणार होतं की काय!

संध्याकाळी टालीवर मोठी माणसं जमली आणि मुलांनी सगळं सांगितलं. भैयाजी मटकन ओंडक्यावर बसले. आपलं नाव देऊन आपण लोकांचं भलं केलं, अशा समजुतीत तो माणूस इतके दिवस मिशीला पीळ देत होता. नत्थू कोपऱ्यात उभा राहून रडायला लागला. देवाजीला आणलं तेव्हाच त्याला उमगलं होतं की गाडी आली होती आणि आपण ती घालवली. पण सांगायची हिंमत झाली नाही. पार्वतीकाकूंच्या चेहऱ्याकडे कोणालाच पाहवेना.

मोठ्यांनी ठरवलं की बैठक होईपर्यंत वाट पाहू. मुलांनी ते मान डोलावून ऐकलं आणि रुळांपलीकडे जाऊन आपलं वेगळं ठरवलं.

दोनच दिवसांत, सकाळी चहाच्या वेळेला, देवकीच्या कळा सुरू झाल्या. ताराचंद टालीकडे धावले. भैयाजींनी स्वतः फोन फिरवला आणि नंबर ऐकताच पलीकडून सांगण्यात आलं की या नंबरवर गाडी मिळत नाही.

"अरे, मी भैयाजी बोलून राहिलो! खराखुरा भैयाजी!"

"सगळेच असं म्हणतात," पलीकडचा म्हणाला आणि फोन बंद झाला. भैयाजी हातातल्या रिसीव्हरकडे पाहत राहिले. स्वतःच्याच फोनवर, स्वतःच्याच नावानं, त्यांना खोटं ठरवलं होतं.

पण तोवर प्रेमिला नत्थूच्या सायकलवर होती. तिघांनी कामं आधीच वाटून घेतली होती. खाट ताबडतोब रुळांच्या अलीकडे आणायची, हे शालिककडे. मालगाडी येऊन उभी राहिली तर इंजिनड्रायव्हरच्या पाया पडायचं, तेही त्याच्याकडे. वस्तीतल्या माणसांना फोनपाशी गोळा करायचं, ते गोपिकेकडे. सीटवरून प्रेमिलाचे पाय पुरत नव्हते, म्हणून ती दांडीखालून पाय घालून तिरपी चालवत होती. इतवारीची गर्दी तिनं बाहेरून टाळली. देवकी घरातून ओरडली होती तो आवाज तिच्या कानांतून जात नव्हता, आणि वाटेत दिसेल त्या हातगाडीकडे ती मुद्दाम पाहत नव्हती.

गोपाळराव नुकतेच येऊन बसले होते. ती दारात उभी राहिली, तेव्हा तिला नीट श्वाससुद्धा घेता येत नव्हता.

"मी प्रेमिला ताराचंद रामटेके. कवेलूपुरा. माझ्या बहिणीचं मूल आडवं आहे. गाडी पाहिजे. मी फोन नाही केला, स्वतः आले."

"पण बाळ, नंबर तर—"

"तुम्ही फोन करा," ती म्हणाली. "खात्री करायची ना? त्याच नंबरवर करा. विचारा, तिथे कोण आहे."

गोपाळरावांनी पाटीवरचा सगळ्यांत खालचा नंबर फिरवला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत कोणीतरी फोन उचलला.

"मी ताराचंद. कवेलूपुरा. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मीच भैयाजी झालो होतो. सखूबाईले साप चावला होता."

"मी सखूबाई. जिती हावो. माह्या नातवाले झटके आले तवा मी पोरीकडून फोन लावला. तवा बी भैयाजीचंच नाव सांगतलं."

एकामागून एक आवाज येत गेले. घोगरा आला, चिरका आला. प्रत्येकानं आपलं नाव सांगितलं, वस्ती सांगितली, त्या दिवशी कोण आजारी होतं ते सांगितलं. गोपाळरावांच्या हातातला रिसीव्हर जड झाल्यासारखा खाली येत होता. प्रेमिलाला सगळं ऐकू येत होतं.

शेवटी एक बाई बोलली. रडत नव्हती.

"मी पार्वतीबाई. देवाजीची बायको. भैयाजीची नोहे. त्या दिवशी मीच खोटं बोलली साहेब. खरं बोलली असती तर आले असते काय?"

गोपाळरावांनी बळीरामला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. बळीराम खिडकीशीच उभा होता. त्यानं कोणाच्याही परवानगीची वाट पाहिली नव्हती.

प्रेमिला त्याच्या शेजारी बसली. टालीच्या सगळ्यांत उंच ढिगावर शालिक उभा होता आणि दोन्ही हातांनी दुपट्टा फिरवत होता. फाटकाशी नत्थू, टक्क जागा. खाट आधीच अलीकडे येऊन पोहोचली होती. मालगाडी त्या दिवशीही आली होती. पण इंजिनड्रायव्हरनं शालिकचं ऐकून ती वाट मोकळी होईल इतकी मागे घेतली होती. देवकीचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि खाटेच्या सुतळीवर रक्त उतरलं होतं. चौघांनी खाट उचलून तशीच गाडीत सरकवली.

दवाखान्यात देवकीचं पोट फाडावं लागलं. मुलगी झाली. ती रडली, पण देवकीला दोन दिवस शुद्ध नव्हती, आणि ते दोन दिवस प्रेमिला दवाखान्याच्या पायरीवरून उठली नाही. तिसऱ्या दिवशी देवकीनं पाणी मागितलं. अजून थोडा उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. प्रेमिला तेव्हा रडली. इतक्या दिवसांचं एकदम रडली.

पुढच्या रविवारी गोपाळराव आणि दोन विश्वस्त टालीवर आले. तिघा मुलांना नारळ आणि टोप्या दिल्या. या पोरांनी आमचे डोळे उघडले, असं एक विश्वस्त म्हणाले. भैयाजींनी प्रत्येकाच्या पाठीवर एवढ्या जोरानं थाप मारली की शालिक कळवळला. "पोट्टे हायेत, पण आमच्यापेक्षा शहाणे निघाले," ते म्हणाले. टालीचा नंबर पाटीवरून पुसला होता. यापुढे गाडी खाट येईपर्यंत थांबणार होती आणि नत्थू रुळांपाशी उभा राहून वाट दाखवणार होता. फोनच्या वर भैयाजींनी खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'आपलेच नाव सांगावे.'

मग गोपाळराव पार्वतीकाकूंच्या समोर गेले. त्यांनी हात जोडले आणि माफी मागितली.

काकूंनी त्यांचे जोडलेले हात खाली केले.

"मले माफी मागून काय करता साहेब," त्या म्हणाल्या. "ही पोरगी सांगे, त्या पाटीवर अजून चार नंबर हायेत. त्यायच्या मांगं कोण हाय, ते एकदा विचारून तरी पाहा."

गोपाळरावांनी मान हलवली. चहा आला होता, पण ते प्यायला थांबले नाहीत.

सोमवारी सकाळी प्रेमिला दवाखान्यात देवकीचा डबा घेऊन निघाली, तेव्हा वाटेत मंडळाच्या आवारात डोकावली. खिडकीतून पाटी दिसत होती. हॉटेलाचा नंबर तसाच होता. बाकीच्या तीनपैकी दोन पुसलेले होते, आणि तिसरा फिरवून गोपाळराव फोन कानाला लावून कोणाला तरी विचारत होते, "हॅलो, तिथे कोण आहे? तुमचं नाव सांगा. तुमचं स्वतःचं."